दहावं की अकरावं? एका चर्चासत्राचा इतिहास लावताना

बॅनर छापायला टाकण्याआधी एकच आकडा नक्की करायचा राहिला होता. प्रगत पदार्थांवरचं आमचं राष्ट्रीय चर्चासत्र दर दोन-तीन वर्षांनी भरतं. यंदाचं कितवं, एवढंच लिहायचं होतं. मागच्या स्मरणिकेवर 'दहावं' छापलंय, म्हणजे यंदा अकरावं, असं समितीने धरून चाललं होतं. मग लेखा विभागातल्या बाईंनी अनुदानाच्या फाइली काढल्या, तर त्यात आठच चर्चासत्रं निघाली. आणि निवृत्त सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "तुम्ही पहिलं धरताय ते पहिलं नव्हेच गो. त्याच्या आधी एक झालं होतं." बैठकीत बराच गोंधळ झाला आणि काम माझ्याकडे आलं. मी याच महाविद्यालयात शिकले आणि इथेच रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मला सगळं ठाऊक असणार, हे कारण. पंधरा दिवसांत दोन पानांचा इतिहास लिहून द्यायचा होता.

पंधरा दिवसांचे चार महिने झाले. त्या चार महिन्यांत काय हाती लागलं आणि शेवटी काय ठरलं, त्याचं हे टिपण.

गोव्याला परिषदा नव्या नाहीत. गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्रावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८७ मध्ये गोव्यातच भरली होती आणि २०११ साली ती पुन्हा इथे आली. तशा परिषदांना जगभरातली माणसं येतात, चार दिवस राहतात, आपापला विषय मांडून परत जातात. गोवा त्यांच्या भेटीचं ठिकाण असतो. आमचं चर्चासत्र लहान होतं, पण ते इथल्या मातीतून निघालं. खाणीच्या मातीतून, अगदी शब्दशः.

कागद, तबकड्या आणि फिती

स्मरणिकांचा गठ्ठा पहिल्याच दिवशी मिळाला, आणि त्यातून इतिहास निघणार नाही हेही पहिल्याच दिवशी कळलं. प्रत्येकीत शुभसंदेश, दीपप्रज्वलनाचे फोटो, स्वागत समितीची यादी, पुरस्कर्त्यांच्या जाहिराती. पेपर कोणी वाचले, कशावर वाचले, त्यावर काय बोलणं झालं, याचा पत्ता नाही. चर्चासत्र कोणी उघडलं हे दर वेळी आठवणीने नोंदलं गेलं होतं. चर्चासत्रात काय झालं हे नाही.

म्हणून गोषवाऱ्यांच्या पुस्तकांच्या मागे लागले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चारच होती. एक मडगावला एका निवृत्त सहकाऱ्यांच्या घरी मिळालं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आत कापराच्या वड्या ठेवलेलं. एकाची मधली पानं वाळवीने खाल्ली होती, तरी अनुक्रमणिका शाबूत होती. सगळ्यांत जुनं पुस्तक सायक्लोस्टाइल केलेलं. शाई इतकी फिकी की पान खिडकीशी तिरकं धरून वाचावं लागलं.

या पुस्तकांत मला सर्वांत उपयोगी पडली ती प्रत्येक गोषवाऱ्याच्या तळाची आभाराची ओळ. 'एक्सआरडी करून दिल्याबद्दल अमुक विभागाचे आभार.' एक्सआरडी म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्शन, क्ष-किरणांनी पदार्थातली स्फटिकरचना ओळखण्याची रीत. त्या काळात आमच्याकडे तिचं यंत्र नव्हतं. पावडर भट्टीतून निघाली की काचेच्या कुपीत भरून कोणाच्या तरी हाती मुंबईला, पुण्याला, नाहीतर कोल्हापूरला जायची. शिवाजी विद्यापीठात फेराइटवर, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून होणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकवर, पूर्वीपासून काम चालत आलेलं, त्यामुळे कोल्हापूरचं नाव या ओळींत पुन्हा पुन्हा येतं, धारवाडचंही येतं. मी या ओळी एका वहीत उतरवून काढल्या आणि चर्चासत्राचा खरा व्यवहार दिसायला लागला. लोक येताना आपल्या पावडरींच्या पुड्या घेऊन यायचे आणि जाताना दुसऱ्यांच्या घेऊन जायचे. दोन वर्षांपूर्वी इथे भेटलेल्या माणसाने पुढच्या खेपेला आलेखाचा कागद आणून हातात दिला, अशा तीन तरी जोड्या मला त्या ओळींतून लावता आल्या. आंबोली घाटातून रात्रीच्या एसटीने आलेल्या माणसाच्या पिशवीत काय होतं, हे कुठल्याच स्मरणिकेत नाही.

पुढच्या काही वर्षांचे गोषवारे कागदावर छापलेच नव्हते. खर्च वाचावा म्हणून सीडी दिल्या होत्या आणि तेव्हा ते फार आधुनिक वाटलं होतं. सात सीडी मिळाल्या, त्यांतल्या चार उघडल्याच नाहीत. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती असते ती सेंद्रिय रंगाच्या पातळ थरात. त्यावर धातूचा परावर्तक थर आणि सगळ्यांत वर लाखेचा अगदी पापुद्र्यासारखा थर. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट राखण करतं, पण वरच्या बाजूने काहीच आडोसा नाही. आमच्या सीडींच्या नेमक्या त्या वरच्या बाजूवर कोणीतरी बॉलपेनने वर्ष लिहिलं होतं, आणि उजेडात धरल्यावर त्या अक्षरांच्या कडेने धातू उडालेला दिसत होता. एका खेपेचे संपूर्ण लेख एका प्रकाशकाने संकेतस्थळावर ठेवण्यासाठी माणशी पैसे घेतले होते. ते संकेतस्थळ आता नाहीच. प्रगत पदार्थांवर बोलणाऱ्या आम्ही माणसांनी आपलं बोलणं ज्या पदार्थांवर ठेवलं, त्यांचा विचार केला नव्हता. मला हे फार लागलं.

कॅसेटी सरांच्या घरी होत्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सहा, त्यांतल्या तिघींवर पांढरी बुरशी. फितीच्या गुंडाळीवर कडेने कापसासारखी धरलेली ती बुरशी बघून मी हात लावायला धजत नव्हते. आमच्या लॅबमधल्या मामांनी मार्ग काढला. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या काचेच्या भांड्यात, निळं सिलिका जेल भरून कॅसेटी आठ दिवस आत ठेवल्या. जेल गुलाबी पडलं की भाजून परत निळं करायचं. मग फित मऊ कापडातून हळूहळू ओढत बुरशी पुसली आणि रीळ स्क्रूच्या नव्या डबीत बसवली. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला फित सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे अर्ध्या तासाची जवळपास शहाऐंशी मीटर. ती सगळी मामांच्या दोन बोटांमधून गेली. चष्मा कपाळावर सरकवून, ओठ घट्ट मिटून ते फित ओढत होते आणि कापडावर करड्या रेघा उमटत होत्या. दुपारी सुरू केलेलं काम दिवे लागले तेव्हा संपलं.

त्या साध्या कॅसेटच्या फितीवर कशाचा लेप असतो? गॅमा फेरिक ऑक्साइडचा. सुईच्या आकाराचे बारीक कण, प्रत्येक कण एक चुंबक. आमच्या पहिल्या चर्चासत्रातले निम्मे पेपर याच ऑक्साइडच्या आणि त्यापासून होणाऱ्या फेराइटच्या अवतीभवती होते. म्हणजे लोक ज्या पदार्थावर बोलत होते, त्यानेच त्यांचे आवाज सांभाळून ठेवले, आणि पुढच्या चकचकीत तबकड्यांपेक्षा चांगले सांभाळले.

दारातलं लोखंड

फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडबरोबर निकेल, जस्त, मँगनीज अशा धातूंची ऑक्साइडं दळून, भट्टीत भाजून केलेलं चुंबकीय सिरॅमिक. जुन्या रेडिओतला अँटेनाचा काळा दांडा, चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा, लाउडस्पीकरच्या पाठीमागचं कडं, हे सगळं त्याच कुळातलं. तोक्योत १९३० साली योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी त्याचा शोध लावला आणि पाच वर्षांत ते विकण्यासाठी टीडीके ही कंपनी उभी राहिली. गंमत अशी की पुढे याच कंपनीच्या कॅसेटी घरोघरी पोचल्या. फेराइटवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७० मध्ये क्योतोत भरली आणि पाचवी जानेवारी १९८९ मध्ये मुंबईत.

त्या मुंबईच्या परिषदेला सर श्रोते म्हणून गेले होते. पेपर नव्हता, ओळख नव्हती, मागच्या रांगेत बसून तीन वह्या भरल्या. परत येताना त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता, तो त्यांनी मला जसाच्या तसा सांगितला: "एवढं लोखंड आपल्या दारात, आणि त्यावर बोलायला आपण मुंबईला जायचं?"

दारात होतंच. गोव्याचं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतल्या खाणींतून चांगल्या प्रतीचा माल बार्जमध्ये भरून मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदराकडे जायचा आणि सिलिका-ॲल्युमिना मिसळलेला हलका माल डंपवर, म्हणजे खाणीशेजारच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर, पडून राहायचा. पावसाळ्यात त्या डंपचं लाल पाणी ओहोळातून शेतात उतरायचं. माझं आजोळ डिचोली तालुक्यातलं. श्रावणात आजी पायरीवर उभं करून आमचे पाय धुवायची तेव्हा पाणी रक्तासारखं वाहायचं. त्या टाकाऊ मातीतून फेराइटच्या प्रतीचं ऑक्साइड काढता येईल का, हा प्रश्न गोव्यातल्या रसायनशास्त्राच्या माणसांना सुचणं अगदी स्वाभाविक होतं. गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून याच विषयावरचा लेख २००१ साली 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. रीत थोडक्यात अशी: माती आम्लात विरघळवायची, लोखंड वेगळं काढून त्याचा ऑक्झलेटसारखा क्षार करायचा आणि तो बेताने तापवून ऑक्साइड मिळवायचं. हायड्राझिन या रसायनाची जोड दिली तर क्षार कमी तापमानाला फुटतो आणि पावडर बारीक मिळते.

आमच्या सायक्लोस्टाइलच्या पुस्तकात 'गोव्याचं खनिज' हे शब्द कितीतरी गोषवाऱ्यांच्या शीर्षकातच आहेत. पुढच्या पुस्तकांत ते कमी होत जातात आणि मग दिसेनासे होतात. माझी पहिली समजूत अशी होती की २०१२ साली खाणी बंद झाल्या, म्हणून विषयही बंद झाला. पुस्तकं क्रमाने लावली तेव्हा ही समजूत चुकीची ठरली. शब्द त्याच्या बऱ्याच आधी गेले होते, बार्ज भरभरून धावत होत्या तेव्हाच. कारण साधं होतं. फेरिक नायट्रेटची, म्हणजे लोखंडाच्या तयार क्षाराची, शुद्ध बाटली सहज मिळू लागली. मातीतून लोखंड काढायला महिना लागतो आणि दर वेळी माती वेगळी निघते. बाटलीतून काढायला चमचा पुरतो. विद्यार्थ्याला वेळेत काम संपवायचं असतं, त्याला दोष देता येणार नाही. पण खाणी बंद झाल्यावर, डंपचं काय करायचं हा सवाल सगळ्या गोव्यापुढे उभा राहिला तेव्हा, त्यावर काम केलेली माणसं आमच्याच जुन्या पुस्तकात होती आणि कोणाला त्यांची आठवण नव्हती. मलाही नव्हती.

प्रश्नवही

सरांची एक पद्धत होती. पेपर चालू असताना पहिल्या बाकावर एका विद्यार्थ्याने लांब वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासह, उतरवायचा. उत्तर नाही लिहिलं तरी चालेल, प्रश्न चुकता कामा नये. मी एम.एस्सी.ला असताना एका खेपेला ते काम माझ्याकडे होतं. तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती. अशा तीन वह्या मिळाल्या, त्यांतल्या एकीत माझंच गिचमिड अक्षर.

या वह्या वाचताना वर्षं डोळ्यांपुढून सरकतात. आधी फेराइट आणि अतिवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारे पदार्थ. २००१ साली केंद्र सरकारने नॅनो विज्ञानासाठी कार्यक्रम सुरू केला, २००७ साली नॅनो मिशन आलं, आणि शीर्षकांत 'नॅनो' हा शब्द शिरला. तोच निकेल-झिंक फेराइट, तीच माणसं, नाव मात्र नॅनो. काहींना हा निव्वळ नावाचा खेळ वाटतो. मला तसं वाटत नाही. सायट्रिक आम्ल किंवा ग्लायसिनबरोबर नायट्रेटं तापवली की जेल होतो, जेल एकाएकी पेट घेतो आणि काही सेकंदांत भांड्यात राखेसारखी हलकी पावडर उरते. ही रीत हाती आल्यावर कण खरोखरच वीस-तीस नॅनोमीटरपर्यंत खाली आले (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). खलात तासन् तास घोटून हे साधत नव्हतं.

पण ते वीस-तीस नॅनोमीटर मोजायचे कसे? बहुतेकांनी शेररचं १९१८ सालचं सूत्र वापरलं: एक्सआरडीच्या आलेखातलं शिखर जितकं रुंद, तितका स्फटिक लहान. यात एक फट आहे. शिखर थोडं यंत्रामुळेही रुंद होतं. ती रुंदी वजा केली नाही तर स्फटिक आहे त्याहून लहान दिसतो, आणि 'नॅनो' म्हणवून घ्यायला ते सोयीचंच पडतं. तीन वह्यांत, तीन वेगवेगळ्या वर्षी, तीन वेगवेगळ्या माणसांनी हाच प्रश्न विचारलाय: "यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली का?" पहिल्या वहीत तो एकदाच येतो. दुसरीत चार वेळा. तिसरीत पुन्हा एकदाच, पण त्याच्या पुढे विद्यार्थ्याने आपल्या मनाने लिहून ठेवलंय: 'उत्तर दिलं, होय, सिलिकॉनचा नमुना घेऊन.' एका खोलीत जमणाऱ्या पन्नास-साठ माणसांचं काम हळूहळू कसं नेटकं होत गेलं, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याजवळ नाही.

तिसऱ्या वहीनंतर वह्या नाहीत. का, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत गुणांकन आलं. परिषदेत पेपर वाचला की गुण मिळायचे, आणि बढतीला गुण लागायचे. पुढच्या खेपेला गोषवारे एकदम अडीच पटींनी वाढले. एका सभागृहाचे तीन वर्ग झाले, तीन सत्रं एकाच वेळी, माणशी वीस मिनिटांची सात मिनिटं. तीन ठिकाणी वही घेऊन कोण बसणार, आणि लिहायला प्रश्न तरी कुठे? "वेळेअभावी प्रश्न चहाच्या वेळी घ्यावेत," असं सूत्रसंचालन मीच केलंय त्या वर्षी. त्या खेपेचा माझ्याकडे असलेला एकमेव ऐवज म्हणजे प्रमाणपत्रांच्या वाटपाची सहीची यादी.

माणशी कमी वेळ दिला की प्रश्न मरतातच असं मात्र नाही. १८ मार्च १९८७ च्या रात्री न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात अमेरिकन फिजिकल सोसायटीचं नव्या अतिवाहकांवरचं जे सत्र भरलं, त्यात एक्कावन्न जणांना पाच-पाच मिनिटंच दिली होती. पण ते सत्र पहाटे सव्वातीनला संपलं आणि त्यानंतरही लोक बोलत उभे होते. आमच्याकडे पावणेपाचला समारोप आणि प्रमाणपत्रं, कारण बस पाचची होती.

दमट हवा

त्या रात्रीच्या बातमीचा आमच्याशीही संबंध आहे. झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना १९८६ साली तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये तीस केल्विनच्या (उणे २४३ अंश सेल्सिअसच्या) वर अतिवाहकता दिसली. लगेच पुढच्या वर्षी यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांचं ऑक्साइड ९३ केल्विनला अतिवाहक होतं हे कळलं, आणि त्याच वर्षी त्या दोघांना नोबेल मिळालं. ९३ हा आकडा आमच्यासारख्यांना महत्त्वाचा, कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. महागडं द्रव हेलियम नको, द्रव नायट्रोजन पुरे. आणि तो तर गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी गोव्यात येतच होता.

सरांनी यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अगेटच्या खलात घोटून, भट्टीत भाजून, परत घोटून एक काळी गोळी केली, एक रुपयाच्या नाण्याएवढी. पशुवैद्यकाकडून किटलीभर नायट्रोजन आणला, थर्माकोलच्या पेल्यात गोळी बुडवली आणि वर एक चिमुकलं चुंबक सोडलं. ते तरंगलं. हे बघायला त्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी आसपासच्या महाविद्यालयांतून पंचवीस-तीस शिक्षक आणि विद्यार्थी लॅबमध्ये जमले, चार जण आपापल्या कामावर बोलले आणि मग दोन तास नुसते प्रश्न चालले. सर म्हणतात ते 'आधीचं एक' हेच. पावती नाही, पत्रिका नाही, अनुदान नाही. एक कॅसेट आहे.

ती गोळी सरांनी अजून ठेवलीय, होमिओपॅथीच्या बाटलीत. मी बाटली कलती केली तेव्हा आतून गोळी नव्हे, करडा-हिरवट भुगा सरकला. हा पदार्थ पाण्याच्या वाफेशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी हळूहळू अभिक्रिया करतो, बेरियम सुटं होऊन त्याचं कार्बोनेट बनतं. झुरिचच्या हवेत तो किती टिकतो ते झुरिचवाल्यांनी पाहावं. आमच्याकडे जूनमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटतं.

कितीतरी वर्षांनी तोच शत्रू पुन्हा आला. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने शिशाच्या हॅलाइड पेरोव्हस्काइटचा, म्हणजे एका ठरावीक स्फटिकरचनेच्या शिशाच्या क्षाराचा, सौर घट केला, कार्यक्षमता ३.८ टक्के होती, पुढे असे घट पंचवीस टक्क्यांच्या वर गेले. आमच्या एका विद्यार्थिनीने त्याच कुळातला थर काचेवर दिला आणि पोस्टरशेजारी दोन पट्ट्या टेबलावर मांडल्या: एक सिलिका जेलच्या डबीतली, काळपट तपकिरी, दुसरी उघड्यावर ठेवलेली, पिवळी पडलेली. पिवळं म्हणजे लेड आयोडाइड, बाकीचं उडून गेलेलं. परीक्षकांनी तिला विचारलं, तुझ्या घटाची कार्यक्षमता किती? ती म्हणाली, "सर, मी घट केलाच नाही. मी फक्त तो आपल्या हवेत किती वेळात मरतो ते मोजलं." तिला बक्षीस मिळालं नाही. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. आता वाटतं, गोव्यात बसून करायचं काम ते होतं, आणि त्या पोस्टरचा साधा फोटोही आम्ही काढला नाही.

मोजणी

शेवटी तीन याद्या समोर ठेवल्या. अनुदानाच्या फाइलींतल्या आठांत महाविद्यालयाने स्वतःच्या पैशातून केलेलं एक नव्हतं, ऑनलाइन झालेलंही नव्हतं. ती दोन्ही धरायलाच हवीत. राहता राहिलं मार्च २०२० चं, ते त्या आठांतलंच. त्याचं पुस्तक छापून आलं होतं, पिशव्या आल्या होत्या, पाहुण्यांची तिकिटं काढली होती. मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू, त्यापाठोपाठ टाळेबंदी, आणि ते भरलंच नाही. पुढच्या स्मरणिकेने ते नववं म्हणून मोजलं, कारण पुस्तक होतं आणि पुस्तकाला क्रमांक होता.

समितीत यावर दोन मतं पडली. काही जण म्हणाले, लोकांनी गोषवारे पाठवले, ते तपासले गेले, छापले गेले, काम तर झालं. शिवाय कोणाकोणाच्या सेवापुस्तिकेत ते नववं म्हणून लागलंय. हा मुद्दा दुबळा नाही. मी सरांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "छापलं ना? पण कोणी कोणाला काही विचारलं का? मग ते भरलं कसं?"

मी हेच समितीपुढे मांडलं, आणि त्याच मापाने पावसाळ्यातली ती शनिवारची बैठक धरावी असंही म्हणाले. तिथे तर दोन तास विचारणंच चाललं होतं. पहिली गोष्ट मान्य झाली. २०२० वगळलं. दुसरी झाली नाही. निमंत्रण नाही, उपस्थितीची सही नाही, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीने विचारलं तर दाखवणार काय, असं प्राचार्यांनी विचारलं, आणि ते विचारणं त्यांच्या जागी योग्यच होतं. बॅनरवर 'दहावं' छापलं गेलं. दोन खेपा लागोपाठ 'दहावं' कसं, हे विचारायला तीन जुने सहकारी माझ्याकडे आले, तेव्हा प्रत्येकाला हे सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मी एवढं मात्र पदरात पाडून घेतलं: यंदा सत्रं दोनच, पेपरला पंधरा मिनिटं, आणि दोन्हीकडे पहिल्या बाकावर एकेक वही. कागदी, शाईपेनने लिहायची. स्मरणिकेत शुभसंदेशांची पानं कमी करून त्या शनिवारच्या कॅसेटचा मजकूर पूर्ण छापायचा, क्रमांक न देता.

तो उतरवून घ्यायला मामांबरोबर बसले. आधी बराच वेळ खुर्च्या सरकल्याचे आवाज. मग चुंबक तरंगलं असावं, कारण एकदम सगळे गप्प होतात आणि कोणीतरी कोकणीत "पळे रे, पळे" म्हणतं. मग प्रश्न. भट्टी किती तापवली, ऑक्सिजन सोडला होता का, बेरियम कार्बोनेट कुठून आणलं. बाजू संपायला आली तेव्हा मागून एका मुलीचा आवाज येतो, हळू, पण स्पष्ट: "सर, ह्या आमच्या पावसात ही गोळी किती दिवस टिकेल?" कौलांवर पाऊस धो धो वाजतोय. सर खाकरतात, "बघ, ते असं आहे की," आणि फित संपते. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा ते दुसऱ्याच कोणाला तरी उत्तर देत असतात.